पाठमोरी ओळ

पूल ओलांडून नगरात शिरलं की डाव्या हाताला एक फलक दिसतो. इथे पूर्वी ओसाड माळ होता आणि काही द्रष्ट्या माणसांनी त्यावर हे सुंदर नगर वसवलं, असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. भट्टीवाली त्या रस्त्याने जाताना फलकापाशी थांबायची, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची आणि दर वेळी नव्याने चिडायची. खरं तर तो तिला तोंडपाठ होता. पण राग शिळा होऊ द्यायचा नाही असं एकदा ठरवलं की तेवढी मेहनत घ्यावीच लागते.

माळ काही ओसाड नव्हता. तिथे विटांची भट्टी होती, भट्टीला लागणारी लाल चिकट माती होती, ती माती पायाने तुडवणारी माणसं होती आणि त्यांची शेंबडी पोरं दिवसभर राखेत लोळत होती. एवढं सगळं मोजायचंच नाही म्हटल्यावर कुठलाही माळ ओसाडच दिसणार.

भट्टी तिच्या नवऱ्याची. तो आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघंच नदीकाठी आले होते, तेव्हा पुलाचा पत्ता नव्हता. ती लग्न होऊन आली तेव्हा दिराला नुकतं मिसरूड फुटत होतं. त्याला जेवू घालण्यापासून त्याचे कपडे धुण्यापर्यंत सगळं तिने केलं, आणि पुढे ते त्याला ऐकवायलाही ती कधी विसरली नाही. दिराचं एक होतं, चिखलात हात घालायचा म्हटलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. जीभ मात्र अशी की समोरच्याला उन्हात उभं करून सावली विकेल. नवरा नेमका उलटा. त्याला दिवसातून चार शब्द पुरत, आणि त्यातले दोन विटांविषयी असत.

मग पूल झाला. पलीकडच्या मोठ्या शहरात भाड्याच्या खोल्यांत गुदमरलेले कारकून, मास्तर, दुकानदार मोकळी हवा शोधत इकडे यायला लागले. दिराने भट्टीभोवतीची जमीन तुकडे पाडून विकली. प्रत्येक तुकड्यावर घर उभं राहिलं आणि प्रत्येक घर दादाच्या विटांचं. भट्टीला उसंत नव्हती. नव्या घरमालकांच्या बायका तेव्हा भट्टीवालीला वाटेत थांबवून गोड बोलायच्या, आमच्या विटा आधी पाठवायला सांगा म्हणून गळ घालायच्या. वीट हवी होती तोवर धूर कुणालाच दिसला नाही. घरं पुरी झाली, माणसं गच्चीत खुर्च्या टाकून बसायला लागली आणि मग एकेकाच्या लक्षात यायला लागलं, की दोरीवरचे कपडे काळे पडताहेत.

त्याच सुमारास मोठ्या शहराचा या वस्तीवर डोळा होता. गिळंकृत व्हायचं नसेल तर स्वतःची नगरपालिका हवी, आणि त्यासाठी डोकी हवीत. डोकी कमी पडत होती. तेव्हा हाच दीर भट्टीलगतच्या घरांच्या ओळीत दारोदार फिरला, मजुरांच्या खाटांवर बसला, चहा प्यायला आणि पाळण्यातल्या पोरांसकट सगळ्यांना मोजून घेऊन गेला. नगरपालिका झाली आणि दीर पहिला नगराध्यक्ष झाला. पहिल्याच बैठकीत पहिलाच ठराव आला तो असा, की नगराच्या हद्दीत विटांची भट्टी चालणार नाही.

हे सांगायला तो स्वतः आला होता, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा, दादा, तू भट्टी नदीच्या खालच्या अंगाला हलव, जागा मी बघतो. नवरा साच्यात माती दाबत होता, दाबत राहिला. बोलली ती भट्टीवालीच. डोकी मोजताना आम्ही, धूर मोजतानाही आम्हीच का, असं तिने विचारलं, आणि आणखीही बरंच विचारलं, जे ओळीतल्या लोकांनी पुढे कित्येक वर्षं चवीने सांगितलं.

हद्दीची आखणी व्हायची बाकी होती. मोठ्या रस्त्याच्या कडेने रेघ जाणार होती आणि भट्टीच्या ओळीतली सगळी घरं नेमकी त्या रस्त्यावर, दारं रस्त्याकडे, परसदार भट्टीकडे. सरकारी नियम सोपा होता. ज्या घराचं मुख्य दार ज्या बाजूला उघडेल, ते घर त्या बाजूचं. आखणी करणारा माणूस यायच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा नवरा भट्टीवरून ढकलगाडीभर पक्क्या विटा घेऊन आला. एक अक्षर न बोलता त्याने रस्त्याकडचं दार चौकटीसकट उपटलं आणि तिथे विटांचे थर चढवायला घेतले. मग परसाकडची भिंत फोडून नवं दार काढलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळीने तेच केलं. आखणीवाला सकाळी आला तर समोर नुसत्या पाठी. त्याने डोकं खाजवलं आणि त्या पाठींच्या पुढून रेघ ओढून, ओळ आणि भट्टी हद्दीबाहेर सोडून तो निघून गेला. तेव्हापासून नगरातली माणसं त्या घरांना पाठमोरी ओळ म्हणायला लागली.

भट्टीवालीला त्या दिवशी नवऱ्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता, नंतरही नाही. दुसऱ्याच दिवशी तिने चुना कालवला आणि बुजवलेल्या दारावर आतून गिलावा चढवायला बसली. नवरा मागे उभा होता.

"घाई काय आहे," तो म्हणाला.

कामाचा कंटाळा, दुसरं काय, असं मनात म्हणत तिने चांगला बोटभर जाड गिलावा दिला आणि असा घोटला, की इथे कधी दार होतं हे परक्याला सांगून पटू नये.

नगरानेही आपल्या बाजूने कसर ठेवली नाही. रस्त्यावर दिवे लागले ते ओळीच्या अलीकडे संपले. पाण्याचा नळ कोपऱ्यापर्यंत आला आणि वळसा घेऊन दुसरीकडे गेला. आणि एके दिवशी भट्टीवालीच्या घराच्या पाठीला, बरोबर जिथे दार होतं तिथे, नगरपालिकेने सार्वजनिक मुतारी बांधली. एवढा लांबलचक रस्ता पडला होता, पण जागा मिळाली ती हीच. घराच्या भिंतीलाच डांबर फासून वर पांढरी फरशी बसवली. उन्हाळ्यात तो वास भिंतीतून आत यायचा. आला की ती नवऱ्याला म्हणायची, घ्या, भावाने निरोप पाठवलाय.  संध्याकाळी नवरा खुर्ची त्या भिंतीकडे करून तासन्‌तास बसायचा, आणि दमला असेल म्हणून ती त्याला हाक मारत नसे.

भट्टी हद्दीच्या बाहेर चालूच राहिली. वाऱ्याला हद्द कळत नसल्यामुळे धूर पूर्वीसारखाच नगरात जात राहिला, याचा तिला मनापासून आनंद व्हायचा. पुढे माती संपत आली, सिमेंटचे ठोकळे आले, भट्टी विझली. नवऱ्याची छाती तर त्याआधीच धुराने भरून गेली होती. तो गेला तेव्हा दीर रस्त्यापलीकडे स्वतःच्या फाटकात उभा राहिलेला लोकांनी पाहिला. वळसा घालून तो काही आला नाही. हे मात्र तिने गाठ मारून ठेवलं.

नगर वाढत गेलं. शाळा झाल्या, दवाखाना झाला, पाच-पाच मजल्यांच्या इमारती झाल्या, आणि कालच राहायला आलेली माणसं आम्ही इथले जुने म्हणून सांगायला लागली. भट्टीवालीचा मुलगा नगरपालिकेच्या पाणीखात्यात लागला. दिवसभर लोकांचे नळ जोडायचे आणि घरी येऊन हातपंपाचं गढूळ पाणी गाळून प्यायचं, असा त्याचा संसार. सून नगराच्या दवाखान्यात परिचारिका. घराच्या भिंतीपलीकडे रस्ता असून तिला रोज कामाला जाताना चिखलातून अख्ख्या ओळीला वळसा घालावा लागायचा. ती फार बोलायची नाही. सासऱ्यावर गेलीय असं ओळीतल्या बायका गमतीने म्हणायच्या.

आणि मग मोठ्या शहराला पुन्हा भूक लागली. या वेळी सरकारने सांगितलं की ठरावीक लोकसंख्या असेल त्या नगराला स्वतंत्र शहराचा दर्जा मिळेल, बाकीची मोठ्या शहरात विलीन होतील. नगराची डोकी पुन्हा कमी पडत होती. पाठमोरी ओळ हद्दीत आली तर मात्र भरत होती. नियम तोच जुना. दारं रस्त्याकडे उघडली पाहिजेत.

ओळीतल्या लोकांनी भट्टीवालीकडे पाहिलं. पहिलं दार तिच्या घरचं बुजलं होतं, तेव्हा ती म्हणेल तसं. ती म्हणाली, बुडू दे त्यांचं नगर, मी काठावर बसून बघते. मुलगा मान खाली घालून हात धुवायला गेला. सून मात्र जागची हलली नाही.

"आई, दार उघडणार नसेल तर आम्ही दोघं नगरात खोली घेतोय," ती म्हणाली. "बोलून ठेवलीय."

"मला सोडून?"

"तुम्हाला या भिंतीची सोबत आहे."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कालची आलेली पोरगी, आणि एवढं तोंड. पण त्या रात्री जेवण गेलं नाही. मुलगा गेला तर या घरात उरणार काय, एक हातपंप, एक रिकामी खुर्ची आणि भिंतीतून येणारा वास. सकाळी तिने सुनेला एवढंच सांगितलं, की त्या माणसाला म्हणावं, वळसा घालून ये.

दीर आला. आता म्हातारा झाला होता, हातात काठी, बुटांना चिखल. अध्यक्षपद केव्हाच सुटलं होतं, तरी त्याला सगळे अध्यक्षच म्हणायचे आणि तो ते म्हणून घ्यायचा. तिने त्याला बस म्हटलं नाही. सून खुर्ची आणायला गेली, तर तिने डोळ्यांनीच तिला थांबवलं, कारण घरात खुर्ची ती एकच होती. दीर उभ्या उभ्या बोलला. नगराची कशी गरज आहे, ओळीला पाणी मिळेल, दिवे मिळतील, जुनं सगळं विसरून जायला हवं.

"विसरायला मी काय म्हातारी झालेय?" ती म्हणाली. "मुतारी कुणी बांधली, भावजी?"

"सभेचा ठराव होता, वहिनी."

"ठरावाला हात असतात का? ती तुमच्या हाताने फोडा. भर दिवसा, लोकांसमोर. मग बघू दाराचं."

त्याचा चेहरा उतरला. पण तोंडातून नकार आला नाही, कारण नाही म्हणायची सोय उरली नव्हती. वळसा घालून तो परत जाताना ती दारात उभी राहून त्याचे चिखलातले पाय बघत राहिली, आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, खूप बरं वाटलं.

ठरल्या दिवशी सरकारी अधिकारी आला, अर्धं नगर रस्त्यावर जमलं. दिराने उभ्या जन्मात घण उचलला नव्हता. पहिला घाव मुतारीच्या आडव्या भिंतीला लागण्याऐवजी हवेतच गेला आणि लोक हसले. दुसऱ्याला थोडं सिमेंट उडालं. मग नगरपालिकेच्या माणसांनी त्याच्या हातून घण घेतला आणि बाकीचं पाडलं. घराच्या भिंतीवरची फरशी तेवढी चिकटून राहिली. दीर अंगावरची धूळ न झटकता बाजूला जाऊन उभा राहिला. भट्टीवाली शेजारच्या गच्चीवरून बघत होती. एवढी वर्षं मनात जपलेली गोष्ट इतक्या लवकर संपली म्हणून तिला थोडी चुटपुट लागली.

मग ओळीतली दारं उघडायला घेतली. ती सोपी नव्हती. शेजाऱ्यांनी त्या वेळी चुना हात राखून वापरला नव्हता. सांध्यात छिन्नी शिरेना, एकेक वीट तुकडे होऊनच बाहेर यायची. एका घरात बापलेक घामाघूम झाले, दुसऱ्या घरात घणाचा दांडा मोडला. भट्टीवालीने आपलं घर मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ती घराघरांतून फिरत होती आणि सांगत होती, की तुमचं हे काहीच नाही, आमच्याकडे या, ते काम त्यांच्या हातचं आहे, तिथे पहारी वाकतील. ज्याने कोंबड्यांचं खुराडंसुद्धा चुन्याशिवाय बांधलं नाही, त्याने रागाच्या भरात काय बांधलं असेल, बघाच.

ऊन कलायला लागलं तेव्हा तिच्या घराची पाळी आली. बाहेर रस्त्यावर अधिकारी, दीर आणि ही गर्दी. आत ती, मुलगा, सून आणि पहार घेऊन आलेले दोन शेजारी. पहिला घाव आपण घालणार असं तिने आधीच बजावलं होतं. घण तिला नवा नव्हता. तिने पाय रोवले, जिथे दाराची मधली कडी असायची तो अंदाज धरला आणि सगळी ताकद लावून घण हाणला.

गिलाव्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला. भिंत पोट काढल्यासारखी बाहेरच्या बाजूला झुकली, क्षणभर तशीच थांबली आणि सगळीच्या सगळी रस्त्यावर कोसळली. बाहेर लोक ओरडून मागे सरले. धूळ खाली बसली तेव्हा चौकटीएवढ्या भोकातून ऊन आत आलं होतं आणि रस्त्यावर विटांचा ढीग पडला होता. बहुतेक विटा अख्ख्या, कोऱ्या, भट्टीतून आत्ता काढाव्यात तशा.

"दुसरा घाव घालूच दिला नाही," एक शेजारी हसत म्हणाला. "काका त्या दिवशी फारच घाईत होते वाटतं. चुना घालायचाच विसरले."

भट्टीवालीने एक वीट उचलली. विटेला चुन्याचा कण नव्हता. सांध्यात होती ती नुसती माती, भट्टीवरची लाल माती, तीही पातळ थरात, नावापुरती; गिलावा देताना अभिमानाच्या भरात तिने सांधे निरखलेच नव्हते. तिने अंगठा फिरवला तर ती भुरभुरून खाली पडली. आयुष्य विटांत गेलेल्या बाईला हे समजावून सांगायला कुणी लागत नाही. मातीत वीट लावतात ती पुन्हा काढायची असते तेव्हा. पावसाळ्यापुरता आडोसा, चार दिवसांची चूल, असलं काम. चार दिवसांत कुणीतरी बाहेरून हात लावेल, एक धक्का देईल, या हिशेबाने रचलेली ती भिंत होती. पक्कं असं तिच्यात काही असेल तर तो आतला गिलावा, बोटभर जाडीचा.

घाई काय आहे, तो म्हणाला होता.

दीर ढिगापाशी आला. काठी टेकून तो कसाबसा वाकला आणि त्यानेही एक वीट उचलली, उलटी करून पाहिली, नखाने माती खरवडली. तो मातीत हात घालत नसला तरी त्याच भट्टीवर वाढलेला होता. त्यालाही सांगायला कुणी लागलं नाही.

"वहिनी," तो म्हणाला. "दादाने ही भिंत माझ्यासाठी कच्ची ठेवली होती."

"हो. आणि तुम्ही तिला मुतारी चिकटवलीत."

"आणि तुम्ही गिलावा," तो म्हणाला. त्याची नजर विटांच्या ढिगात पडलेल्या जाड, घोटलेल्या पांढऱ्या तुकड्यांवर होती.

  ती मागे सरली, हाताला नवऱ्याची खुर्ची लागली, तशी तिच्यात बसली. खुर्ची अजून त्या भिंतीकडेच तोंड करून होती, आता भिंत तेवढी नव्हती. समोर रस्ता दिसत होता, आणि रस्त्यापलीकडे, अगदी नाकासमोर, दिराच्या घराचं फाटक. लग्न होऊन आली तेव्हा तिथे मोकळी जागा होती आणि नंतर दिराने घर बांधलं ते मुद्दाम दादाच्या दारासमोर, हे ती साफ विसरली होती. नवरा मात्र रोज संध्याकाळी इथे बसून तिकडेच बघत होता, मध्ये भिंत होती तरी.

मग तिला राग आला. दिराचा नाही, नगराचा नाही, त्या फलकाचा तर नाहीच. एवढी वर्षं आपण ज्याच्या भांडणाचा किल्ला लढवत राहिलो तो स्वतः मनातून केव्हाच दार उघडून बसला होता, आणि घरच्या बाईला त्याने एका शब्दाने सांगितलं नाही. घाई काय आहे म्हणे. तोंड होतं ना तुम्हाला, ती मनातल्या मनात त्याच्यावर ओरडली. गिलावा थांबव, एवढं म्हणता येत नव्हतं? मी ऐकलं नसतं, भांडले असते, पण म्हणायचं तरी. ती रडत होती, पण रडणं रागाचंच होतं आणि सुनेने पुढे केलेला हात तिने झटकून टाकला.

बाहेर अधिकारी खोळंबला होता. त्याने भोकातून आत डोकावून विचारलं, की या घराचं मुख्य दार नक्की कुठलं समजायचं, हे की मागचं.

मुलाने आईकडे पाहिलं. आई खुर्चीत, तोंड फिरवून. सून विटांवरून पाय टाकत पुढे झाली.

"हेच," ती म्हणाली. "मागचं मी उद्या बुजवून घेते. चुन्यात."

अधिकाऱ्याने मान हलवली आणि तो पुढे गेला. गर्दी पांगायला लागली. दीर अजून तिथेच होता, हातात वीट घेऊन, चौकटीच्या एक पाऊल बाहेर. त्याने पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला.  भट्टीवालीने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं. या म्हणणं तिला शक्य नव्हतं. जा म्हणण्याइतका जोर उरला नव्हता.

"वाट अडवून उभे राहू नका, भावजी," ती म्हणाली. "विटा उचला."

त्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग तो खाली बसला आणि त्या लाल मातीत हात घालून एकेक वीट बाजूला रचायला लागला. ती खुर्चीतून बघत होती. तो वाकडी रचत होता, पण तिने त्याला टोकलं नाही.